मोठं कॉलेज की मोठी भूमिका: पोर्टलमध्ये नाव टाकण्याआधी करायचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब मूळचं ठाण्याचं, आता ओहायोत. मुलगा २० वर्षांचा, ६ फूट ४ इंच उंचीचा बास्केटबॉलपटू, गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू. डिव्हिजन वन, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची सगळ्यात वरची श्रेणी; तिथल्या एका मधल्या फळीच्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) त्याचा दुसरा हंगाम संपतोय. सरासरी १९ मिनिटं आणि ८ गुण. त्याचे जुने क्लब-कोच सांगतात की एका मोठ्या कॉलेजचं त्याच्यावर लक्ष आहे, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, लगेच नाव टाका. मुलगा अजून वडिलांच्या व्हिसावर, म्हणजे एच-४वर आहे. वडिलांनी दोन गोष्टी विचारल्यात: नाव टाकावं का, आणि मोठ्या कॉलेजात गेल्याने एनबीएची शक्यता वाढते का?

कॉलेज खेळाडूंच्या बदल्या आणि त्यांचे पहिले व्यावसायिक करार हे माझं रोजचं काम आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नुसत्या कॉलेजच्या नावाने शक्यता वाढत नाही. मुलगा कुठे रोज २८ ते ३० मिनिटं खेळेल, आणि त्या मिनिटांत त्याला असं कोणतं काम मिळेल ज्यासाठी एखादा व्यावसायिक संघ पुढे पैसे मोजेल, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कधी मोठ्या कॉलेजात सापडतं, कधी आहे तिथेच.

आधी पोर्टल म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण बरेच पालक त्याला चौकशीचं दालन समजतात. पोर्टलमध्ये नाव टाकणं म्हणजे दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देणं. मुलाने कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम सांभाळणाऱ्या कार्यालयाला, लेखी कळवलं आणि ठरलेला छोटा ऑनलाइन पाठ पूर्ण केला, की दोन कामकाजाच्या दिवसांत कॉलेजला त्याचं नाव टाकावंच लागतं. त्या क्षणापासून इतर कोच त्याला फोन करू शकतात. पण त्याच क्षणापासून जुन्या कॉलेजला चालू सत्र संपल्यावर त्याची स्कॉलरशिप थांबवण्याची मुभा मिळते आणि त्याची जागा दुसऱ्याला देता येते. नाव मागे घेता येतं, पण परत घ्यायचं की नाही हे कोच ठरवतात. एप्रिलमध्ये नाव टाकून जूनपर्यंत एकही लेखी प्रस्ताव न आलेली मुलं दर वर्षी दिसतात. ती वाईट खेळाडू नसतात, त्यांच्या जागेचे खेळाडू तेवढे जास्त झालेले असतात.

ही गर्दी का झाली तेही पाहा. पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. त्याआधी दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही जुन्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि बास्केटबॉलमध्ये बदली केल्यावर साधारणपणे एक हंगाम बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये पहिल्या बदलीसाठी ती अट गेली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाने पुढच्या बदल्यांवरचं बंधनही रोखलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने नियमच बदलला: अभ्यासाच्या अटी पूर्ण होत असतील तर कितीही वेळा बदली करा, लगेच खेळा. आता दर वसंतात पुरुषांच्या डिव्हिजन वन बास्केटबॉलमध्ये दोन हजारांहून जास्त नावं पोर्टलमध्ये येतात, आणि संघ आहेत साधारण ३६०.

या मोकळीकीची एक किंमत आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ब्रँडन क्लार्क सॅन होजे स्टेटहून गोन्झागाला गेला तेव्हा नियमामुळे त्याला २०१७-१८ चा हंगाम बाहेर बसावं लागलं. त्या वर्षात त्याने आपला शॉट मुळापासून बदलला, पुढचा हंगाम गाजवला आणि २०१९ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, २१व्या क्रमांकावर निवडला गेला. आज कोणताही मोठा कोच पोर्टलमधून आलेल्या मुलाला घडवायला वर्ष देत नाही. त्याला नोव्हेंबरमध्ये तयार खेळाडू हवा असतो. तुमचा मुलगा आज तयार आहे की अजून घडतोय, याचं प्रामाणिक उत्तर त्याच्या सध्याच्या असिस्टंट कोचकडून घ्या. क्लब-कोचकडून नको. बदली झाली तर त्यांचं नाव होतं, म्हणून त्यांचा सल्ला सहसा एकाच दिशेने असतो.

"लक्ष आहे" या शब्दांवरही विसंबू नका. पोर्टलमध्ये नाव येण्याआधी दुसऱ्या कॉलेजने थेट किंवा मध्यस्थामार्फत संपर्क करणं नियमबाह्य आहे. ते सर्रास चालतं, पण त्यामुळेच असा कोणताही शब्द कागदावर नसतो. मार्चमधला तो रस एप्रिलमध्ये एखादा वरचढ गार्ड उपलब्ध झाला की संपतो, आणि तुमच्याकडे दाद मागायला काही राहत नाही.

आता मिनिटांचा हिशेब. हा तुम्ही घरी बसून करू शकता. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, मैदानावर ५ खेळाडू, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. रोस्टरची, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीची, मर्यादा आता १५ आहे, पण बहुतेक कोच ८ किंवा ९ जणांनाच नियमित खेळवतात. संघ तीन गार्ड घेऊन खेळत असेल तर गार्डांच्या वाट्याला १२० मिनिटं येतात, दोन घेऊन खेळत असेल तर ८०. त्या कॉलेजचं रोस्टर कागदावर उतरवा. पात्रता संपलेले खोडा, ड्राफ्टला किंवा पोर्टलमध्ये गेलेले खोडा, येणारे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे खेळाडू, लिहा. समजा १२० मिनिटं आहेत आणि ३०-३० मिनिटं खेळणारे दोन गार्ड परत येतायत. उरली ६०. त्यात एक नावाजलेला फ्रेशमन आणि पोर्टलमधून घेतलेला एक अनुभवी गार्ड धरला, तर तुमच्या मुलाला १० ते १५ मिनिटं मिळतील. म्हणजे आजच्यापेक्षा कमी, आणि समोरचे बचावपटू जास्त उंच, जास्त वेगवान.

मग त्या कोचची मागची तीन वर्षं काढा. खालच्या कॉन्फरन्समधून त्याने घेतलेले खेळाडू आधी किती मिनिटं खेळत होते आणि त्याच्याकडे आल्यावर किती, एवढे दोन आकडे प्रत्येकासमोर लिहा. ही माहिती कॉलेजांच्या संकेतस्थळांवर मिळते. एवढं केलंत की कोच भेटीत काय बोलेल यापेक्षा तो काय करतो हे कळेल. भेटीत थेट विचारा: अजून किती गार्ड घेणार आहात? चेंडू कोणाच्या हातात असेल? माझा मुलगा कोणाची जागा घेतोय, नाव सांगा. "स्पर्धा करून मिळवावं लागेल" एवढंच उत्तर आलं तर जागा ठरलेली नाही असं समजा. पैशांचा प्रस्तावही बोलका असतो. ज्या कोचने आपल्या गार्डांच्या बजेटचा मोठा भाग एका खेळाडूवर लावलाय, तो त्याच खेळाडूला मैदानावर ठेवणार.

व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, काय पाहतात? ६ फूट ४ इंचांच्या गार्डसाठी वाटा दोनच. एक, चेंडू हातात घेऊन संघ चालवायचा. दोन, थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचे शॉट, टाकायचे आणि समोरच्या उत्तम गार्डला अडवायचं. १९ मिनिटांत ८ गुण म्हणजे ४० मिनिटांच्या प्रमाणात जवळपास १७, ते ठीकच आहे. पण स्काउट गुणांवर थांबत नाही. तो दर सामन्याला किती थ्री टाकले, त्यातले ड्रिबलवरून किती, फ्री थ्रोची टक्केवारी किती, हे बघतो. कॉलेजमध्ये थ्रीचे प्रयत्न कमी असतात आणि टक्केवारी एका हंगामात सहज वरखाली होते, म्हणून फ्री थ्रो हा शूटिंगचा जास्त भरवशाचा पुरावा मानतात. शिवाय कॉलेजची थ्रीची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे आणि एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. रेषेला पाय लावून मारणाऱ्या मुलाचा व्हिडिओ पाहून स्काउट पुढे सरकतो. रेषेच्या दोन फूट मागून मारायची मोकळीक त्याला कोणता कोच देईल, हा बदलीच्या निर्णयातला खरा मुद्दा आहे.

भूमिका बदलल्याने काय होतं याची माझ्या मते सगळ्यात चांगली उदाहरणं दोन. ऑस्टिन रीव्ह्ज विचिटा स्टेटमध्ये मुख्यतः शूटर होता. ओक्लाहोमाला गेल्यावर चेंडू त्याच्या हातात आला, शेवटच्या हंगामात त्याने सरासरी १८ गुण केले. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली नाही, लेकर्स या एनबीए संघाने टू-वे करार (एनबीए आणि तिची दुय्यम जी लीग अशा दोन्हींत खेळण्याचा) दिला आणि तिथून तो मुख्य संघात पोहोचला. वॉल्टर क्लेटन आयोनाहून फ्लोरिडाला गेला, तिथे त्याच्याकडे आघाडीच्या गार्डचं काम आलं, २०२५ चं राष्ट्रीय विजेतेपद त्याने जिंकून दिलं आणि तो १८व्या क्रमांकावर निवडला गेला. दोघांच्याही बाबतीत नव्या कॉलेजने आधीपेक्षा मोठं काम दिलं. डाल्टन नेक्ट तर कोलोरॅडोतल्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातून नॉर्दर्न कोलोरॅडोला आणि तिथून टेनेसीला गेला. टेनेसीत आला तेव्हा तो आधीच आपल्या संघाचा पहिला स्कोअरर होता. १७वा क्रमांक, २०२४.

दुसरी बाजूही आहे. सेड्रिक कावर्ड डिव्हिजन थ्रीमधल्या विलमेटपासून सुरू झाला, ईस्टर्न वॉशिंग्टनमार्गे वॉशिंग्टन स्टेटला गेला, तिथे दुखापतीमुळे २०२४-२५ मध्ये फक्त ६ सामने खेळला. पुढे ड्यूकला जायचं ठरवून शेवटी ड्राफ्टमध्येच राहिला आणि ११व्या क्रमांकावर गेला. पण त्याच्या हातांचा पसारा ७ फूट २ इंचांच्या आसपास आहे. असं शरीर असेल तर स्काउट कुठेही शोधत येतात. ते नसेल तर मिनिटं आणि व्हिडिओच बोलतात.

अभ्यासाचा भाग आपल्याकडचे पालक काळजीने पाहतात, तरी एक खाच सुटते. एनसीएएचा मूळ नियम ४०-६०-८० चा: तिसऱ्या वर्षात शिरताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्यात ६०, पाचव्यात ८०. हे टक्के नव्या कॉलेजातल्या नव्या पदवीवर मोजतात. मुलाकडे ६२ क्रेडिट आहेत आणि पदवी १२० ची आहे, म्हणजे लागतात ४८, बिनधास्त वाटतं. पण नव्या कॉलेजने त्यातली २० क्रेडिट पदवीत न धरता नुसती जादा म्हणून घेतली तर उरतात ४२, आणि मुलगा खेळायला अपात्र. इंजिनिअरिंग, नर्सिंग, कॉम्प्युटर सायन्समध्ये हे हमखास होतं, कारण तिथे विषयांचा क्रम ठरलेला असतो. तेव्हा क्रेडिटची लेखी तपासणी हातात आल्याशिवाय स्कॉलरशिपच्या कागदावर सही नको. कमतरता निघाली तर उन्हाळ्यातल्या वर्गांनी भरून काढता येते का आणि त्याचे पैसे कोण देणार, हेही त्याच कागदावर हवं. "सोपा विषय घेऊ या" असा सल्ला आला तर मुलाला विचारा की बास्केटबॉल नसता तर त्याने तो विषय घेतला असता का.

आता पैसा आणि व्हिसा, कारण तुमच्या घरी हे दोन्ही एकत्र आलेत. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेऊ शकतात. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातला समझोता मंजूर झाल्यावर कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती. मुलगा एच-४वर आहे, म्हणजे त्याला काम करायची परवानगी नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरही ती अगदी मर्यादित असते. हे उत्पन्न काम धरायचं की नाही यावर कॉलेजांच्या भूमिका वेगवेगळ्या आहेत, आणि चूक झाली तर भोगावं मुलाला लागतं, कॉलेजला नाही. एजंट "सगळे घेतात" म्हणाला तरी इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

दुसरं, २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. त्याआधी एफ-१ साठी अर्ज हवा आणि त्याला कॉलेजचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठीचा प्रवेशाचा दाखला, लागतो. जुन्या कॉलेजच्या आय-२० वर अर्ज केला आणि मधेच कॉलेज बदललं तर प्रकरण गुंतागुंतीचं होतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कॉलेज ठरवा, मग व्हिसाचा अर्ज. आणि हे सगळं वाढदिवसाच्या बरंच आधी. एफ-१ झाल्यावर कॉलेज बदललं तर सेविस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीतली नोंद नव्या कॉलेजकडे वर्ग करावी लागते आणि नव्या ठिकाणी पाच महिन्यांच्या आत वर्ग सुरू व्हावे लागतात. हे काम आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं; बास्केटबॉलचा कोणी "आम्ही बघतो" म्हणाला तरी तिथे स्वतः जा.

कॉलेजशी होणाऱ्या पैशांच्या करारात मुदत, मासिक हप्ता आणि मधेच सोडल्यास परतफेड ही तीन कलमं आधी वाचा. परतफेडीची रक्कम मोठी असेल तर पुढच्या वर्षीची बदली तिथेच अडते. कर सहसा कापून येत नाही; २५ ते ३० टक्के बाजूला ठेवून तिमाहीला भरावा लागतो. कॉलेजच्या करारावर एजंट १० ते २० टक्केही मागतात, तर एनबीए करारावर खेळाडू संघटनेने कमाल ४ टक्के ठरवलेत. आकडा तिथून बोलायला सुरुवात करा.

पुढची व्यावसायिक वाट डोळ्यांसमोर असू द्या. एनबीएच्या ३० संघांत प्रत्येकी १५ नियमित आणि ३ टू-वे जागा, एकूण ५४०, आणि त्या जगभरातून भरतात. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या, फार तर ६० निवडी. ड्राफ्टला पात्र झालेल्या एनसीएए खेळाडूंपैकी साधारण एक टक्का निवडले जातात. पहिल्या फेरीत गेलेल्याला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. टू-वेवाल्याला ५० पर्यंत एनबीए सामने आणि नवोदिताच्या किमान पगाराच्या निम्मे पैसे, म्हणजे सध्या सहा लाख डॉलरच्या आसपास. त्याखाली एक्झिबिट टेन: प्रशिक्षण शिबिरात बोलावतात, सोडतात, आणि खेळाडू त्याच संघाच्या जी लीग संघात ६० दिवस राहिला तर बोनस देतात. नुसत्या जी लीगचा पगार हंगामाला ४५ हजार डॉलरच्या आसपास आहे. म्हणूनच दुसऱ्या फेरीच्या काठावरचे खेळाडू हल्ली कॉलेजातच थांबतात. २०२१ मध्ये साडेतीनशेच्या वर खेळाडूंनी आपोआप पात्र होण्याआधीच ड्राफ्टसाठी नाव दिलं होतं, २०२५ मध्ये फक्त १०६ जणांनी.

बहुसंख्य माजी कॉलेज खेळाडू पोट भरतात ते युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, इस्राएलमध्ये. तिथे परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते आणि भारतीय पासपोर्टवर तुमचा मुलगा बहुतेक ठिकाणी परदेशीच धरला जाईल. त्याच जागेसाठी अमेरिकन गार्डांची रांग असते. करारात घर, पगार कर वजा जाऊन हातात येणार की नाही, वैद्यकीय तपासणीची मुदत, आणि वाद झाल्यास फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, लवादाचं कलम हवंच. ते कलम नसलं तर थकलेला पगार वसूल करणं फार कठीण जातं. या लीगचे संघही मिनिटांचा व्हिडिओच मागतात. बाकावर बसून जिंकलेल्या स्पर्धेची अंगठी त्यांना काही सांगत नाही.

तुमच्या मुलाबद्दल, जेवढं कळलंय त्यावरून माझं मत असं. पोर्टलची विंडो, म्हणजे नाव टाकण्याची मुदत, बंद होण्याआधी त्याने स्वतः, तुमच्याशिवाय, मुख्य कोचला भेटावं आणि तिसऱ्या वर्षाची भूमिका विचारावी. २८ मिनिटं आणि चेंडू हातात मिळणार असेल तर थांबावं. आणखी एक हंगाम खेळून, उन्हाळ्याचे वर्ग घेऊन पदवी लवकर संपवता आली तर पदवीधर म्हणून बदली करणं कितीतरी सोपं, कारण तेव्हा क्रेडिटचा प्रश्नच राहत नाही. कॅम जॉन्सनने पिट्सबर्गची पदवी तीन वर्षांत घेतली, उरलेली दोन वर्षं नॉर्थ कॅरोलायनात खेळला आणि २०१९ मध्ये ११व्या क्रमांकावर निवडला गेला. पण कोच स्वतःच जात असेल, किंवा त्याच्या जागेवर दोन नवे गार्ड आणले असतील, तर थांबण्यात अर्थ नाही; तेव्हा नाव टाकावं, आणि मोठ्या कॉलेजाइतकाच त्याच दर्जाच्या किंवा अर्धी पायरी वरच्या कॉन्फरन्सचाही विचार करावा.

विंडोच्या तारखा कंप्लायन्स ऑफिसकडून लेखी घ्या. ती २०२३ मध्ये ६० दिवसांची होती, २०२४ मध्ये ४५, २०२५ मध्ये ३०. मागच्या वर्षीची तारीख गृहीत धरून बसू नका. एवढं लक्षात ठेवा की त्या मुदतीत फक्त नाव टाकायचं असतं, नवं कॉलेज निवडायचं नसतं. निवडीला नंतर वेळ मिळतो. "आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर जागा गेली" असा फोन आला, तर आधी रोस्टरचा तो कागद आणि क्रेडिटची तपासणी पूर्ण करा आणि मगच उलट फोन लावा.